लढ्याची थैली

लढणाऱ्यांचा इतिहास आपल्याकडे उदंड लिहिला गेला. लढ्याला पैसा पुरवणाऱ्यांचा मात्र फारच थोडा. गोळी कोणी झाडली, फासावर कोण गेले, अंदमानात कोणी किती वर्षे काढली, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण त्या पिस्तुलाचे पैसे कोणी दिले? भूमिगत कार्यकर्त्याच्या जेवणाखाण्याचा, प्रवासाचा, पत्रके छापण्याचा खर्च कुठून आला? आणि धरपकड सुरू झाल्यावर ते पैसे देणारे कुठे होते? हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. विचारले तर हौतात्म्याला हिशेबाची फूटपट्टी लावल्यासारखे वाटते, म्हणून जीभ अडखळते.

हे पुस्तक तेच प्रश्न विचारते. गुलामगिरीविरुद्ध किंवा परकीय सत्तेविरुद्ध सशस्त्र बेत आखणाऱ्यांसाठी गुपचूप पैसा कसा गोळा झाला, तो कोणी दिला, देणाऱ्याला बेताची कितपत माहिती होती आणि बेत फसल्यावर त्याने काय केले, याचा हा शोध आहे. त्याची सुरुवात अमेरिकेत होते, पण त्याचे मूळ ठिकाण आपला नगर जिल्हा, आजचा अहिल्यानगर. अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी चळवळीशी महाराष्ट्राचा जो वैचारिक संबंध जुळला, त्याचा एक धागा नगरच्या मिशन शाळेतून जातो. युरोपात जाऊन बॉम्बची विद्या शिकणारे सेनापती बापट पारनेरचे. बेचाळीसच्या भूमिगत चळवळीचे एक सूत्रधार अच्युतराव पटवर्धन नगरचे. आणि तेव्हा ज्या नेत्यांच्या नावाने ही चळवळ चालली होती, ते नगरच्याच भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते.

१

गुप्त देणगीचा प्रश्न ज्या प्रकरणात उघडपणे तपासला गेला, ते जॉन ब्राउनचे प्रकरण आधी पाहू.

१६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री जॉन ब्राउनने व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. त्याच्या तुकडीत एकवीस माणसे होती, त्यांपैकी पाच कृष्णवर्णीय. शस्त्रे ताब्यात घ्यायची, आसपासच्या गुलामांच्या हाती द्यायची, डोंगरांचा आश्रय घेऊन दक्षिणेकडे सरकायचे आणि गुलामगिरीची व्यवस्था आतून पोखरायची, असा बेत होता. दीड दिवसात सगळे आटोपले. गुलामांचा उठाव झाला नाही. ब्राउन जखमी होऊन पकडला गेला आणि २ डिसेंबर १८५९ रोजी फाशी गेला.

या बेताच्या पाठीशी सहा जण होते. इतिहासात त्यांना ‘गुप्त सहा’ म्हणतात. गेरिट स्मिथ हे न्यूयॉर्क राज्यातले मोठे जमीनदार. जॉर्ज लूथर स्टर्न्स हे शिशाच्या नळ्यांचे कारखानदार. सॅम्युएल ग्रिडली हाउ हे डॉक्टर. तरुणपणी ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात गेलेले आणि पुढे अंधांच्या शिक्षणाला वाहून घेतलेले. थिओडोर पार्कर आणि थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन हे धर्मोपदेशक, तर फ्रँकलिन सॅनबॉर्न हा कॉन्कर्डमधला तरुण शाळामास्तर. सगळे सुशिक्षित, प्रतिष्ठित, समाजात ज्यांच्या शब्दाला वजन असे.

यांचा पैसा कसा फिरला ते नीट पाहण्यासारखे आहे. कॅन्सस प्रांतात गुलामगिरी येऊ नये म्हणून तिथे जाऊन वसलेल्या लोकांना मदत करायची, यासाठी मॅसॅच्युसेट्समध्ये एक उघड समिती होती. लोक तिला उजळ माथ्याने वर्गणी देत. कॅन्ससच्या संरक्षणासाठी त्या समितीने घेतलेल्या दोनशे रायफली ब्राउनच्या ताब्यात गेल्या. १८५८ च्या फेब्रुवारीत ब्राउनने हिगिन्सनला लिहिले की, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामासाठी साठ दिवसांत पाचशे ते आठशे डॉलर हवेत. त्याच महिन्यात पीटरबरो येथे गेरिट स्मिथ यांच्या घरी त्याने सॅनबॉर्नपुढे आणि स्मिथ यांच्यापुढे आपला बेत मांडला. पुढच्या महिन्यात बोस्टनमध्ये गुप्त समिती जमली. म्हणजे एका उघड आणि सर्वमान्य कामाचा निधी आतल्या आत दुसऱ्या, धोक्याच्या कामाकडे वळला. ज्यांनी कॅन्ससच्या शेतकऱ्यांसाठी म्हणून पैसे दिले, त्यांना या दुसऱ्या वाटेची कल्पनाही नव्हती.

पुढे ब्राउनने कवायत शिकवायला नेमलेल्या ह्यू फोर्ब्ज नावाच्या इंग्रजाने पैशांवरून भांडण काढले आणि सगळे उघड करीन अशी धमकी दिली. समिती घाबरली. बेत वर्षभर पुढे ढकलला गेला आणि ब्राउनला कॅन्ससला परत पाठवण्यात आले. रायफलींची मालकी कागदोपत्री स्टर्न्स यांच्याकडे घेतली गेली, म्हणजे समितीचे नाव कुठे येऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे देणाऱ्यांनी यापुढे ब्राउनकडून तपशील ऐकायचे नाहीत असे ठरवले. गेरिट स्मिथ यांनी तर लिहूनच कळवले की, कॅप्टन ब्राउनचे बेत मला जाणून घ्यायचे नाहीत. पैसे मात्र जात राहिले.

या पैशाचा एक तुकडा जवळून पाहावा. १८५७ च्या मार्चमध्ये ब्राउनने कनेटिकट राज्यातल्या कॉलिन्सव्हिल गावी चार्ल्स ब्लेअर या लोहारकामाच्या कारागिराला कॅन्ससमध्ये हाती लागलेला एक दुधारी सुरा दाखवला आणि विचारले, असे पाते लांब दांड्याला बसवून हजार भाले करायचे तर काय पडेल? एका भाल्याला एक डॉलर असा सौदा ठरला. थोडी रक्कम दिली गेली, मग पैसे आटले आणि काम थांबले. पाती दोन वर्षे तशीच पडून राहिली. १८५९ च्या उन्हाळ्यात नव्या देणग्या हाती आल्यावर ब्राउन पुन्हा ब्लेअरकडे गेला आणि उरलेली रक्कम चुकती केली. ९५४ भाले पेट्यांत भरून ‘आय. स्मिथ अँड सन्स’ या खोट्या नावाने पेन्सिल्व्हेनियात पोहोचले. बंदूक चालवायला शिकवावे लागते, भाला कोणीही उचलू शकतो, म्हणून मुक्त झालेल्या गुलामांसाठी हे हत्यार. पैसे थांबले की पाती थांबली, पैसे आले की पाती हलली. इतिहासाच्या गतीत देणगीदाराचा हात किती आत असतो, ते यातून कळते.

हार्पर्स फेरीत पहिला मृत्यू झाला तो हेवर्ड शेफर्ड या रेल्वे स्थानकावर सामान हाताळणाऱ्या माणसाचा. तो कृष्णवर्णीय होता आणि स्वतंत्र होता. ज्यांच्या मुक्तीसाठी बोस्टनमध्ये पैसे जमले, त्यांच्याच समाजातला एक जण त्या पैशाने सज्ज झालेल्या तुकडीच्या गोळीने सर्वांत आधी गेला. हा विपर्यास डोळ्यांआड करून या सहा जणांचे मोल करता येत नाही.

छापा फसल्यावर ब्राउनच्या मुक्कामाच्या शेतघरात पत्रांचा ढीग सापडला आणि नावे बाहेर येऊ लागली. हाउ यांनी वर्तमानपत्रातून जाहीर केले की, ही घटना माझ्या दृष्टीने अनपेक्षित होती. हाउ, स्टर्न्स आणि सॅनबॉर्न कॅनडात निघून गेले. गेरिट स्मिथ यांचे मानसिक संतुलन ढळले आणि त्यांना युटिका येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. पार्कर क्षयाने आजारी होऊन इटलीत होते; १८६० मध्ये ते तिथेच वारले. हिगिन्सन एकटे घरी राहिले. ते पळाले नाहीत, त्यांनी काही नाकारले नाही, ब्राउनच्या बचावासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी पैसे गोळा केले आणि मित्रांच्या पळण्यावर कडक शब्दांत राग व्यक्त केला. यादवी युद्ध पेटल्यावर याच हिगिन्सन यांनी मुक्त गुलामांच्या पलटणीचे नेतृत्व स्वीकारले. स्टर्न्स यांनीही नंतर कृष्णवर्णीय सैनिकांच्या भरतीचे मोठे काम केले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

या सहा नावांच्या झगमगाटात लहान देणगीदार हरवतात. ब्रुकलिनमधल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाने फ्रेडरिक डग्लस यांच्या हाती ब्राउनसाठी थोडीशी रक्कम पाठवली होती. गुलामगिरीतून निसटलेल्या डग्लस यांनी ती चेंबर्सबर्गच्या दगडखाणीत ब्राउनला नेऊन दिली. कारखानदाराच्या शेकडो डॉलरांपेक्षा या रकमेत अधिक जोखीम होती. पकडले गेले असते तर या लोकांसाठी ना मनोरुग्णालय होते, ना प्रतिष्ठेचा आडोसा.

२

बोस्टनहून नगरला यायला फार वळसा घ्यावा लागत नाही. बोस्टनच्या अमेरिकन मिशन मंडळाने १८३१ मध्ये नगरला आपले केंद्र उघडले. त्याच मंडळाच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. जोतीराव फुले यांनी मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासह नगरला या शाळा पाहिल्या आणि त्यांतून त्यांना मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या प्रशिक्षणाशीही फरारबाईंचे नाव जोडले जाते. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा ते अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केले ज्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्याग केला. महाराष्ट्रातल्या शूद्रातिशूद्रांच्या दास्याकडे पाहताना जोतीरावांच्या नजरेसमोर अमेरिकेतले ते युद्ध होते. ‘गुप्त सहां’पैकी किती जणांची नावे त्यांच्या कानी आली असतील ते असो, पण त्या अर्पणपत्रिकेचा मान त्या सर्वांच्या खात्यावर जमा आहे.

याच मिशन मंडळाला मायदेशी एका अवघड प्रश्नाला तोंड द्यावे लागत होते. गुलाममालकांच्या देणग्या घ्याव्यात की नाही? मंडळ त्या नाकारायला तयार नव्हते. गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी त्यावर सडकून टीका केली आणि १८४६ मध्ये अशा पैशाला हात न लावणारी एक वेगळी मिशन संस्था उभी राहिली. नगरच्या एखाद्या वर्गात एखादी मुलगी पाटीवर पहिले अक्षर काढत होती, त्याच काळात त्या पाटीमागच्या पैशाच्या शुद्धतेवर समुद्रापलीकडे वाद चालला होता. चांगल्या कामाला आलेला पैसा कुठून आला हे विचारायचे की नाही, हा प्रश्न असा आपल्या दाराशी येऊन ठेपतो. माझे मत असे की, विचारायचेच. त्यामुळे शाळेचे मोल कमी होत नाही, आणि ज्यांच्या घामातून तो पैसा निघाला त्यांची नोंद तेवढी होते.

३

पांडुरंग महादेव ऊर्फ सेनापती बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. मुंबई विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ मध्ये एडिंबरोला गेले. तिथे हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केल्यामुळे शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचे इंडिया हाउस आणि तिथून पॅरिस. पॅरिसमध्ये बंगालचे हेमचंद्र दास यांच्यासह त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब तयार करण्याची माहिती मिळवली. हेमचंद्रांनी आपल्या मालमत्तेचा हिस्सा विकून हा प्रवास केला होता. १९०८ मध्ये बापट माहितीची प्रत घेऊन परतले, अलीपूरच्या बॉम्ब खटल्यानंतर काही वर्षे भूमिगत राहिले आणि १९१२ मध्ये पकडले गेले.

या वर्तुळाचा पैसा कुठून येत होता? पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. अट अशी की, घेणाऱ्याने पुढे इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. पॅरिसमधले मोत्यांचे व्यापारी सरदारसिंह राणा यांनीही त्यात भर घातली. त्यांच्या शिवाजी शिष्यवृत्तीवर, टिळकांच्या शिफारशीने, विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले. शिष्यवृत्तीची जाहिरात उघड, अर्ज उघड, निवड उघड. तिच्या पोटातला हेतू मात्र जाणत्यांनाच ठाऊक. कॅन्सस समितीच्या निधीशी याचे साम्य स्पष्ट दिसते. फरक एवढाच की, नोकरी न करण्याच्या अटीने घेणाऱ्याला निदान वाऱ्याची दिशा कळत होती.

१९०९ मध्ये वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून मुंबईला आली. त्यांतल्या एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना विजयानंद नाट्यगृहात गोळ्या घातल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी फाशी गेले. पिस्तुलांचा माग लंडन-पॅरिसपर्यंत पोहोचला आणि सावरकरांच्या गळ्याभोवती फास आवळू लागला, तेव्हा मादाम भिकाजी कामा पॅरिसमधल्या ब्रिटिश वकिलातीत गेल्या आणि पिस्तुलांची जबाबदारी आपली आहे असे त्यांनी सांगितले, अशी नोंद सावरकरांच्या चरित्रांत आहे. खटल्याचा निकाल त्याने बदलला नाही. तरी पन्नास वर्षांपूर्वी बोस्टनचे प्रतिष्ठित लोक कॅनडाच्या गाडीत बसले होते आणि इथे एक पारशी बाई आपण होऊन वकिलातीच्या दारात उभी राहिली, ही तुलना मनातून जात नाही.

४

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य पकडले गेले आणि खास गाडीने नगरला आणले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, असफअली, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव यांच्यासह बारा नेते भुईकोट किल्ल्यात बंद झाले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले, हे नगरकर पाहुण्यांना अभिमानाने सांगतात.

या किल्ल्याच्या भिंतीबाहेर दुसरी हकीकत चालू होती. असफअली आत आणि त्यांच्या पत्नी अरुणा असफअली भूमिगत. कृपलानी आत आणि सुचेता कृपलानी भूमिगत. नरेंद्र देव आत आणि समाजवादी पक्षातले त्यांचे सहकारी जयप्रकाश, लोहिया, अच्युतराव बाहेर चळवळ चालवत होते. अच्युतराव ५ फेब्रुवारी १९०५ रोजी नगरला जन्मले. रावसाहेब पटवर्धन त्यांचे थोरले बंधू. ज्या शहरात देशाचे नेते कैदेत होते, त्याच शहराचा हा मुलगा अखेरपर्यंत पोलिसांच्या हाती लागला नाही. साताऱ्याच्या प्रतिसरकारलाही त्यांचे मार्गदर्शन होते.

असे वर्षानुवर्षे भूमिगत राहायला पैसा लागतो. रोज नवे बिऱ्हाड, नवे नाव, नवा वेष. एस. एम. जोशी तर इमाम अली नावाचे मौलवी होऊन वावरत. साने गुरुजी आणि त्यांचे साथी मुंबईत ज्या जागेत लपत, तिला त्यांनीच ‘मूषक महाल’ नाव दिले होते. व्यापारी आणि उद्योगपती यांनी या चळवळीला गुपचूप सढळ हाताने मदत केली. सिंदिया जहाज कंपनीशी संबंधित सुमती मोरारजी यांची गोष्ट नमुन्यादाखल सांगतो. अच्युतरावांचा माग पोलिसांना लागू नये म्हणून त्या रोज वेगळी मोटार देत. या मोटारी त्या आपल्या श्रीमंत मित्रमंडळींकडून मागून आणत आणि मालकांना काही कळू देत नसत. एकच गाडी दोनदा दिसली नाही तर पाठलाग करायचा कशाचा? युक्ती बिनतोड होती. पण त्या मोटारमालकांचाही विचार करावा लागतो. गाडी पकडली गेली असती तर पोलिसांनी आधी त्यांचे दार ठोठावले असते, आणि त्यांना कोणी विचारलेच नव्हते. गुप्त चळवळीत अजाणता सामील होणाऱ्यांचे ऋण कोणाच्याच नावावर चढत नाही.

दुसरे उदाहरण काँग्रेस रेडिओचे. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त केंद्र चालवले. १२ नोव्हेंबरला ते पकडले गेले. एका नातलग स्त्रीने या कामासाठी अंगावरचे दागिने देऊ केले होते, पण ते घेण्याचा उषाताईंना धीर झाला नाही, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. पैशांची व्यवस्था बाबूभाई खाकर यांनी केली. खटला चालला तेव्हा उषाताईंना चार वर्षे आणि खाकर यांना पाच वर्षे शिक्षा झाली. ज्याने पैसा उभा केला, त्याला मोठी शिक्षा! सरकारला निदान कळत होते की, आवाजाइतकाच त्यामागचा पैसाही गुन्हेगार असतो. आपल्या स्मरणात मात्र उषाताईंचा आवाज राहिला आणि खाकर यांचे नाव मागे पडले.

साताऱ्याच्या प्रतिसरकारची वाट निराळी होती. तिथे पैसा मागण्यापेक्षा सरकारचाच पैसा घेण्याकडे कल होता. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ अडवला गेला आणि साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम हाती आली. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांची नावे या मोहिमेशी निगडित आहेत. श्रीमंताची देणगी घेतली की श्रीमंताची मर्जीही सांभाळावी लागते. खजिना लुटणाऱ्यांना ती गरज उरली नाही. पण आपसात चोख हिशेब ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावर दुप्पट आली.

स्वातंत्र्यानंतरही ही परंपरा संपली नाही. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सोडवण्याचा बेत ठरला, तेव्हा पैशांसाठी सुधीर फडके यांनी पुण्यात लता मंगेशकर यांचा कार्यक्रम ठरवला. श्रोत्यांनी तिकिटे काढली ती गाणे ऐकायला. त्या तिकिटांतून आलेल्या पैशाने पुढे कोणत्या वाटेने प्रवास केला, ते मोजक्यांनाच माहीत होते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले.

५

या सगळ्याला सर्वांत मोठा आक्षेप घेतला तो गांधीजींनी. ८ ऑगस्ट १९४२ च्या भाषणातच त्यांनी बजावले होते की, हे उघड बंड आहे, यात काहीही गुप्तपणे करायचे नाही. मे १९४४ मध्ये सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना बाहेर येण्याचा सल्ला दिला. अरुणाबाईंना त्यांनी लिहिले की, शरण जा आणि तुला पकडून देण्यासाठी लावलेले पाच हजारांचे बक्षीस स्वतःच मिळवून हरिजनकार्याला दे. अरुणाबाईंनी ऐकले नाही. अच्युतरावही वॉरंट मागे घेतले जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

मी या वादात दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा न्याय देऊन मोकळा होत नाही. ज्या सत्तेने माणसाला माणूस मानले नाही, मग ती व्हर्जिनियातल्या मळेवाल्यांची असो की साम्राज्याची, तिला हिशेब दाखवायला कोणी बांधील नाही. चाबकाच्या मालकाला पावती दाखवून लढता येत नाही. त्या अर्थाने सत्तेपासूनची गुप्तता मला संपूर्णपणे रास्त वाटते. गांधीजींचा आक्षेप मला पटतो तो दुसऱ्या ठिकाणी. गुप्तता सत्तेपुरती कधीच राहत नाही. ती हळूहळू सहकाऱ्यांपर्यंत येते, मग स्वतःच्या मनापर्यंत. गेरिट स्मिथ यांनी बेत ऐकायचे नाकारले, ते पोलिसांच्या भीतीने असेल. पण त्या नकाराने त्यांनी स्वतःपासूनही काहीतरी लपवले. पैसे द्यायचे आणि त्यातून काय होणार ते कळू द्यायचे नाही, ही सोय देणाऱ्याला फार प्रिय असते. तिने पुण्य पदरात पडते आणि पाप दाराबाहेर राहते. हेवर्ड शेफर्डच्या मृत्यूत आपला किती वाटा, हा प्रश्न मग विचारावाच लागत नाही.

म्हणून या पुस्तकात प्रत्येक गुप्त निधीला तीन कसोट्या लावल्या आहेत. पैसा कोणाचा होता आणि तो कोणाच्या श्रमातून आला? ज्यांचा पैसा, मोटार किंवा घर वापरले गेले, त्यांना ते कशासाठी हे माहीत होते का? आणि बेत उघडकीला आल्यावर पैसे देणारा लढणाऱ्याच्या शेजारी उभा राहिला का? पहिल्या कसोटीला मिशन मंडळ उतरत नाही. दुसरीला कॅन्सस समितीचा निधी उतरत नाही आणि मुंबईच्या मोटारीही उतरत नाहीत. तिसऱ्या कसोटीला हिगिन्सन, मादाम कामा आणि बाबूभाई खाकर पूर्ण उतरतात. माझ्या दृष्टीने तिसरी कसोटी सर्वांत मोठी आहे. हेतू शुद्ध होता की नाही, यावर शतकभर वाद घालता येतो. पण जप्ती, अटक आणि बदनामी यांच्यासमोर माणूस उभा राहिला की नाही, हे एका दिवसात ठरते.

वाचकांना, विशेषतः नगर जिल्ह्यातल्या वाचकांना, एक विनंती आहे. आपल्याकडच्या पारनेर, संगमनेर, श्रीगोंदा, शेवगाव अशा गावांत जुन्या पेढ्यांच्या कीर्दी आणि खतावण्या अजून माळ्यावर पडून असतील. गुप्त देणगी त्यांत त्या नावाने सापडणार नाही. ती धर्मादायात असेल, प्रवासखर्चात असेल, कोणाच्या नावे न फिटलेली उधारी म्हणून असेल. एरवी काटेकोर असलेल्या माणसाच्या वहीत १९४२ ते १९४५ या वर्षांत असा खर्च वारंवार दिसला तर तो पान उलटून सोडून देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की, त्या काळात रात्री जेवायला येणारे ते पाहुणे कोण होते, आणि चुलीपाशी त्यांच्यासाठी भाकरी थापणारीला ते ठाऊक होते का. त्या भाकरीचीही नोंद व्हायला हवी. ती करणाऱ्या बाईने कोणत्याही कारखानदाराइतकीच जोखीम पत्करली होती.

ज्या सत्तेपासून हे लपवायचे होते, ती जाऊन पाऊण शतकाहून अधिक काळ लोटला. आता लपवण्याचे कारण उरलेले नाही. देणाऱ्यांची नावे उघड झाली की काहींची कीर्ती वाढेल, काहींची थोडी उतरेल. दोन्ही गोष्टी होऊ द्याव्यात. लढणाऱ्याच्या यशात पैसे देणाऱ्याचा जेवढा वाटा आपण मानू, तेवढाच त्या लढ्यात सांडलेल्या रक्तातही मानावा लागेल. हा वाटा ज्यांनी जिवंतपणीच, कोणी विचारण्याआधी, स्वतःहून मान्य केला, त्या माणसांना हे पुस्तक हुतात्म्यांच्या पंक्तीला बसवते. त्यांची ती जागा होतीच. आपण ती इतकी वर्षे रिकामी ठेवली होती.